फवारणीआधी जाळी : वाडीतील भाजीच्या रक्षणाचा एक स्वस्त मार्ग

पावसाळा सरला की वसईच्या वाड्यांत वाफे पुन्हा आखले जातात. मांडवावरच्या पडवळ-शिराळ्यांचा बहर ओसरू लागतो आणि कोबी, नवलकोल, वांगी, मिरची, टोमॅटो यांची रोपे जमिनीत जातात. पहिले दोन आठवडे सारे काही ठीक असते. मग एके दिवशी सकाळी पाणी घालताना कोबीच्या कोवळ्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसतात, वांग्याचा एखादा शेंडा मान टाकलेला आढळतो आणि वाडीवाला औषधाच्या दुकानाची वाट धरतो. तेथे त्याला एक बाटली मिळते. ती बाटली घरी आल्यानंतर जे घडते, तेथूनच प्रस्तुत लेखाचा विषय सुरू होतो.

प्रत्येक कीटकनाशकासोबत येणाऱ्या माहितीत शेवटची फवारणी व तोडणी यांच्यामध्ये किती दिवसांचे अंतर ठेवावे हे दिलेले असते. धान्याच्या पिकात हे अंतर पाळणे अवघड नाही, कारण कापणी एकदाच होते. भेंडीचे तसे नाही. ती एक दिवसाआड तोडावी लागते. न तोडल्यास जून होते आणि पुढचा बहरही रोखते. काकडी, कारली, गवार यांचीही तीच गत. म्हणजे ज्या औषधासाठी सात दिवस थांबावयाचे, ते एकदा फवारले की तीन तोडण्या टाकून द्याव्या लागतील. किती जण त्या टाकून देतात? मी स्वतः कधी दिलेल्या नाहीत, हे येथे कबूल केले पाहिजे. आमच्या वाडीत लहानपणी एक वाफा 'घरचा' म्हणून ओळखला जात असे. त्यातील भाजी बाजारात जात नसे आणि बाजारात जाणाऱ्या वाफ्यातील भाजी आई सहसा घरात घेत नसे. या वेगळेपणाचा अर्थ मला मोठेपणी कळला, आणि तो कळल्यावर पाठीवर पंप घेताना हात कचरू लागला.

मोनोक्रोटोफॉस या अतिविषारी औषधाचा भाजीपाल्यावरील वापर केंद्र सरकारने २००५ साली निषिद्ध केला होता. कायद्याचे काम कायद्याने केले. परंतु औषध कमी विषारी असले तरी मूळ अडचण तशीच राहते. भाजी रोज पिकते, रोज खाल्ली जाते आणि वाडीत ती घराच्या ओट्यापासून, विहिरीपासून, बावखलापासून चार पावलांवर असते.

शिवाय फवारणीचा उपयोगही दिवसेंदिवस कमी होत आहे. कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचे उदाहरण कीटकशास्त्रात प्रसिद्ध आहे. १९५३ साली इंडोनेशियातील जावा बेटावर या पतंगाच्या अळ्या डीडीटीला दाद देईनाशा झाल्याची नोंद झाली. त्यानंतर आलेल्या एकेका औषधाला तिने कोठे ना कोठे पचविले. वांग्यातील शेंडे व फळे पोखरणारी अळी तर अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांतच शेंड्यात किंवा फळात शिरते. आत गेलेल्या अळीवर बाहेरची फवारणी पोहोचत नाही. याच अळीच्या बंदोबस्तासाठी बीटी वांगे तयार झाले, त्यावरून देशभर वाद झाला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने त्याला स्थगिती दिली. एका फिकट पांढऱ्या, नखाएवढ्या पतंगाने एवढे घडवून आणले.

आता आपल्या वाडीकडे पाहू. एक-दोन गुंठ्यांच्या तुकड्यात आपण कितीही औषध मारले तरी पतंग शेजारच्या वाफ्यातून, बांधावरच्या झुडपातून पुन्हा येतोच. लहान तुकड्याला कडा फार आणि मधला भाग थोडा. फवारणीच्या दृष्टीने हा दोष आहे. जाळीच्या दृष्टीने मात्र हेच लहानपण सोयीचे ठरते, कारण झाकावयाचे क्षेत्र आवाक्यातले असते. दहा एकरांचा कोबी झाकणे मोठ्या भांडवलाचे काम. तीन वाफे झाकणे घरच्या माणसांचे काम.

ही कल्पना केवळ हौशी बागायतदारांची नव्हे. पश्चिम आफ्रिकेतील बेनिन या देशात लहान शेतकऱ्यांच्या कोबीवर मच्छरदाणीच्या कापडाचे आच्छादन घालून संशोधकांनी प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. मच्छरदाणीचे कापड कीटकनाशकांच्या मानाने परवडण्याजोगे, पुन्हा पुन्हा वापरता येण्याजोगे आणि अळ्यांविरुद्ध परिणामकारक ठरते, हा त्यांतील आपल्या उपयोगाचा भाग.

कोणती जाळी कोणासाठी

बाजारात 'नेट' म्हणून जे काही मिळते ते सारे एकच समजले जाते आणि येथेच पहिला पैसा वाया जातो. हिरवी शेडनेट ही सावलीसाठी असते. ती ऊन ५० टक्के किंवा ७५ टक्के अडवते. तिच्याखाली पालेभाजीची कोवळी रोपे उन्हाळ्यात तग धरतात, हे खरे. पण हिवाळ्यातील कोबी-वांग्यांवर ती घातली तर झाडे उंच, लुकडी, फिकट होतात आणि गड्डा भरत नाही. वसईत अनेक ठिकाणी हे दृश्य दिसते. भाजीसाठी जाळी हवी ती पांढरी, ऊन आत सोडणारी, आणि जिच्या भोकांचा आकार आपल्या शत्रूपेक्षा लहान आहे अशी.

हा आकार मोजणे सोपे आहे. जाळी फूटपट्टीवर ताणून धरावी आणि एका इंचात किती घरे बसतात ती मोजावीत. साध्या मच्छरदाणीत एका इंचात साधारण १२ घरे असतात. कीटकरोधक जाळीवर '४० मेश' असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ एका इंचात ४० घरे.

कोबीवरील पतंग, वांग्यावरील पतंग, भेंडीत अळी घालणारा पतंग, कारल्याला डंख मारणारी फळमाशी, वेलवर्गीय रोपांची पहिली पाने खाऊन टाकणारे तांबडे भुंगेरे हे सगळे मच्छरदाणीच्या भोकातून आत जाऊ शकत नाहीत. म्हणजे या पाचही शत्रूंसाठी महागडी जाळी घेण्याचे कारण नाही. पांढरी माशी, जी भेंडीवर केवडा रोग आणि टोमॅटो-मिरचीवर पाने आकसण्याचा रोग पसरवते, ती मात्र जेमतेम एक मिलिमीटर लांबीची. तिला अडविण्यासाठी ४० ते ५० मेशची जाळी लागते. फुलकिडे तर तिच्याहूनही बारीक; ५० मेशची जाळीदेखील त्यांना पुरती अडवीत नाही. फुलकिड्यांपासून जाळी वाचवील असे कोणी दुकानदार सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

मग सगळीकडे बारीक जाळीच का वापरू नये? कारण भोक जितके बारीक तितका वारा कमी. आपल्या किनारपट्टीची हवा मुळातच दमट. ४० मेशच्या जाळीखाली पाऊस-पाण्याच्या दिवसांत पानांवरचा ओलावा वाळत नाही, करपा आणि कूज यांना आमंत्रण मिळते. आणि मार्चनंतर आतली हवा इतकी तापते की टोमॅटो-मिरचीची फुले गळून पडतात. बारीक जाळीची खरी जागा म्हणजे रोपवाटिका. टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपे गादीवाफ्यावर २५ ते ३० दिवस असतात. याच वयात पांढऱ्या माशीने रोग दिला तर झाड पुढे कधीच सुधारत नाही. तो गादीवाफा एखाद्या खाटेएवढाच असतो, त्यामुळे महाग जाळीही तेथे परवडते. पुढे मोठ्या वाफ्यात साधी जाळी पुरे.

जुनी मच्छरदाणी घरात असेल तर ती आधी वापरावी. ती उन्हाने एक-दोन हंगामांत विरते, पण विकत काहीच घ्यावे लागत नाही. एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. हिवतापग्रस्त भागांत आरोग्य खात्यातर्फे ज्या औषधी मच्छरदाण्या दिल्या जातात, त्यांच्या धाग्यातच कीटकनाशक असते. त्या माणसांना डासांपासून वाचविण्यासाठी आहेत. खाण्याच्या भाजीवर त्या घालू नयेत. जुन्या साड्यांचाही पुष्कळजण उपयोग करतात. कुंपणाला साडी उत्तम. आच्छादन म्हणून मात्र ती ऊन आणि वारा दोन्ही अडवते, तेव्हा चार-सहा दिवसांहून अधिक ठेवू नये.

वाफ्यावर जाळी कशी उभारावी

तीन फूट रुंद व पंधरा फूट लांब असा एक वाफा घेऊ. त्यावर कमानी करण्यासाठी बांबूच्या आठ फूट लांबीच्या कामट्या घ्याव्यात. दोन्ही टोके नऊ-नऊ इंच जमिनीत खुपसली की वर साडेसहा फुटांची कमान उरते आणि मध्यभागी तिची उंची सव्वादोन फुटांच्या पुढे जाते. दर तीन फुटांवर एक, अशा सहा कमानी पुरतात. कमानी वाऱ्याने कलू नयेत म्हणून माथ्यावरून एक सुतळी बांधून ती दोन्ही टोकांना खुंटीला ताणावी. बांबूचे कुसळ जाळीत अडकून ती फाटते, तेव्हा कामट्या विळ्याने तासून गुळगुळीत करणे आवश्यक आहे. अर्ध्या इंचाचा जुना पाण्याचा पाइप मिळाला तर अधिकच चांगले.

जाळी किती लागेल याचा हिशेब असा. कमानीवरून साडेसहा फूट आणि दोन्ही बाजूंना मातीत दाबण्यासाठी एकेक फूट, म्हणजे रुंदी साडेआठ फूट. लांबी पंधरा फूट, अधिक दोन्ही टोकांना खाली उतरण्यासाठी व दाबण्यासाठी साडेतीन-साडेतीन फूट, म्हणजे बावीस फूट. एकूण १८७ चौरस फूट, सुमारे साडेसतरा चौरस मीटर. हा आकडा घेऊन दुकानात जावे, भाव विचारावा आणि आलेल्या रकमेला तीनने भागावे. कारण उन्हाचा मारा सोसणारी, 'यूव्ही' प्रक्रिया केलेली जाळी नीट सांभाळल्यास निदान तीन हंगाम टिकावी. मग त्याच वाफ्यावर एका हंगामात किती फवारण्या होतात व औषधाला किती पैसे जातात ते शेजारी मांडावे. जाळीची गुंडाळी लांब असते व सुटी विकत घेताना महाग पडते, म्हणून धर्मग्रामातील चार-पाच कुटुंबांनी एकत्र येऊन एक गुंडाळी घेणे शहाणपणाचे.

खालची कड हा या साऱ्या व्यवस्थेचा प्राण आहे. जाळी दोन विटांनी चार ठिकाणी दाबून ठेवलेली अनेकदा दिसते. मधल्या जागेत बोटभर फट असते आणि फळमाशीला तेवढी फट पुरते. कड सलग मातीत गाडावी. रोज उघडावयाची एक बाजू असते, तिच्यासाठी जुन्या कापडाच्या लांब नळीत रेती भरून ती कडेवर ठेवावी. उचलायला सोपी, आणि फट राहत नाही. ऑक्टोबरात परतीच्या पावसासोबत येणाऱ्या वावटळीत हीच रेतीची नळी जाळीला उडू देत नाही.

जाळी केव्हा घालावी? रोपे लावली त्याच संध्याकाळी. कोबीचा पतंग तिन्हीसांजेनंतर हिंडतो, वांग्याचाही निशाचरच. 'आधी पाहू, कीड आली तर जाळी घालू' असे म्हणणाऱ्याने जाळी न घेतलेलीच बरी, कारण अंडी पानावर पडून गेल्यानंतर घातलेली जाळी अळ्यांचेच पक्ष्यांपासून रक्षण करते. तसेच पाने जाळीला टेकता कामा नयेत. टेकलेल्या पानावर पतंग बाहेर बसूनही अंडी घालतो. म्हणून कमानीची उंची वर सांगितली तेवढी असावी आणि कोबीच्या दोनच ओळी वाफ्याच्या मधल्या भागात लावाव्यात.

मधमाशीसाठी दार

कोबी, नवलकोल, मुळा, माठ, पालक यांना आपण फळासाठी लावत नाही, तेव्हा त्यांना काढणीपर्यंत झाकून ठेवले तरी चालते. वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी यांचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. मात्र जाळीत वारा कमी आणि मधमाशी नाही, म्हणून सकाळी झाडांना हलकेच हिसका द्यावा. गवार व वाल यांनाही मधमाशीवाचून अडत नाही.

वेलवर्गीय भाज्यांची गोष्ट पूर्णपणे निराळी आहे. दुधी, कारली, शिराळे, पडवळ, काकडी यांच्यात नर फूल वेगळे व मादी फूल वेगळे. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ आधीच असते. त्यावर पराग पडला नाही तर ते पिवळे होऊन गळते. काकडीचा वेल जाळीत बंद करून 'फुले भरपूर, फळ एकही नाही' अशी तक्रार करणारे मला भेटले आहेत. वेलांच्या बाबतीत जाळीचे काम दोन टप्प्यांत करावे. बी रुजल्यापासून पहिले मादी फूल दिसेपर्यंत रोपावर जाळी असावी. या काळात तांबडे भुंगेरे आणि नागअळी यांपासून रोप वाचते. त्यानंतर जाळी पूर्ण काढून वेल मांडवावर सोडावा आणि रक्षण वेलाचे न करता एकेका फळाचे करावे.

फळमाशी कोवळ्या फळाच्या सालीत अंडी घालते. परागीभवन झाल्यावर फूल सुकून फळ बोटाएवढे झाले की त्यावर मच्छरदाणीच्या कापडाची सैल पिशवी चढवून देठाशी दोऱ्याने बांधावी. पिशवी घट्ट नको. साल कापडाला चिकटली तर माशी कापडातून डंख मारते. वर्तमानपत्राची पिशवीही चालते, पण पावसाळ्यात ती टिकत नाही. एका वेलावर पाच-पंचवीस फळांसाठी हे काम कंटाळवाणे खरे. घरच्या वापराच्या कारल्यांसाठी मात्र ते संध्याकाळच्या गप्पांसोबत होऊन जाते, आणि लहान मुलांना ते आवडते. जोडीला मांडवात फळमाशीच्या नरांना आकर्षित करणारा क्यू ल्यूरचा सापळा टांगावा. आंब्यासाठी लावतो तो सापळा येथे उपयोगी नाही, कारण आंब्याच्या माशीला खेचणारा गंध वेगळा असतो. डंखलेली, वाकडी झालेली फळे उकिरड्यावर टाकू नयेत. त्यांतील अळ्या मातीत उतरून कोष करतात आणि काही दिवसांनी नव्या माश्या उडतात. ती फळे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत.

जाळीचे दोष

येथपर्यंत वाचून जाळी म्हणजे सर्व रोगांवर उतारा असे कोणास वाटू नये. तिचे तीन दोष माझ्या अनुभवास आले आहेत.

पहिला दोष माव्याचा. मावा मच्छरदाणीच्या भोकातून सहज आत जातो. उघड्या वाफ्यात त्याला खाणारे ठिपकेदार ढालकिडे येतात. जाळीत ते येऊ शकत नाहीत. परिणामी आत मावा निर्धास्तपणे वाढतो. माझ्या एका कोबीच्या वाफ्यात अळीचे एकही भोक नव्हते आणि पानांची मागची बाजू मात्र माव्याने राखाडी झाली होती. म्हणून आठवड्यातून दोन वेळा जाळी उचलून पानांच्या मागे पाहावे. मावा दिसला तर पाण्याची जोराची धार मारावी, पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा आणि काही दिवस सकाळी जाळी उघडून संध्याकाळ होण्याआधी पुन्हा बंद करावी. पतंग रात्रीचे आणि ढालकिडे दिवसाचे, या वेळापत्रकाचा लाभ घ्यावयाचा.

दुसरा दोष मातीचा. ज्या वाफ्यात गेल्या हंगामात किडकी वांगी किंवा डंखलेली कारली पडून राहिली होती, त्या मातीत व पालापाचोळ्यात कोष असतात. त्याच वाफ्यावर तेच पीक लावून वर जाळी घातली तर शत्रू आत कोंडला जातो. पीक बदलावे आणि वाफा आधी उकरून उन्हात तापू द्यावा. वांग्याचा मान टाकलेला शेंडा जाळीखालीही आढळला तर तो अळीसकट छाटून नष्ट करावा. ही जुनी रीत जाळी आली म्हणून सोडून देण्याचे कारण नाही.

तिसरा दोष माणसाचा. जाळी घातली की वाडीत फेरी मारणे कमी होते. तण आतल्या आत वाढते, पाणी तुंबते, आणि 'झाकले आहे ना' या समाधानात पंधरा दिवस जातात.

पाखरे, साप आणि तंगूस

कीटकांखेरीज कोंबड्या, बुलबुल, पोपट व वटवाघळे यांपासूनही बागेला जपावे लागते. आमच्या किनाऱ्यावर त्यासाठी मासेमारीची जुनी जाळी वापरण्याची पद्धत पूर्वापार आहे. पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा येथील कोळी बांधवांकडून फाटके जाळे मिळते आणि ते कुंपणाला बांधले की कोंबड्यांचा प्रश्न सुटतो. जाड दोऱ्याचे जुने डोलीचे जाळे या कामी उत्तम. ते प्राण्यांना दिसते आणि ताणून बसते.

परंतु तंगुसाचे, म्हणजे पारदर्शक एकेरी नायलॉनच्या बारीक धाग्याचे जाळे झाडांवर किंवा जमिनीलगत सोडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. काही वर्षांपूर्वी मिरचीच्या वाफ्याभोवती मी असेच एक जाळे सैल सोडले होते. तीन दिवसांनी त्यात एक लांबलचक धामण सापडली. पुढे जाण्याच्या धडपडीत धागा तिच्या खवल्यांखाली रुतत गेला होता आणि दुपारच्या उन्हात ती मेली होती. धामण बिनविषारी असते आणि उंदरांवर जगते. त्या वर्षी भुईतून निघालेल्या रताळ्यांपैकी कितीतरी उंदरांनी कुरतडलेली निघाली, हे मी त्या घटनेशी जोडतो. ते खरे असेल वा नसेल. जाळीत अडकलेली पाखरेही अशीच तडफडून मरतात. पोपटासारख्या पक्ष्यांना तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

याबाबत ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने केलेला नियम आपणही घरापुरता स्वीकारण्यासारखा आहे. तेथे १ सप्टेंबर २०२१ पासून घरच्या फळझाडांवर घालावयाच्या जाळीचे भोक, जाळी पूर्ण ताणली असताना, ५ मिलिमीटर बाय ५ मिलिमीटरहून मोठे असता कामा नये असे बंधन आहे. करंगळी आत जात असेल तर ती जाळी धोक्याची, अशी सोपी खूण धरावी. मच्छरदाणी आणि कीटकरोधक जाळी या दोन्ही या कसोटीला उतरतात. चिकू-पेरूच्या सबंध झाडावर जाळे टाकण्यापेक्षा पिकत आलेल्या फांदीला अशा बारीक कापडाची पिशवी बांधावी. वटवाघूळ दुसरीकडे जाते, आणि उरलेल्या झाडावर त्याचाही वाटा राहतो. माकडे व खारी यांच्यापुढे मात्र कोणतीही स्वस्त जाळी निरुपयोगी. खार ती कुरतडते आणि माकड ती उचलून फेकते.

इमारतीत राहणाऱ्या वाचकांसाठी एवढेच की, गॅलरीतील कुंडीत चार कामट्या रोवून त्यावर मच्छरदाणीचे कापड घालून कुंडीच्या काठाला नाडीने बांधले की मेथी, कोथिंबीर व मिरची यांना कबुतरांचाही उपद्रव होत नाही.

हंगाम संपला की

काढणी झाल्यावर जाळी तशीच वाफ्यावर पडू देऊ नये. सर्वाधिक नुकसान तेव्हाच होते. तण तिच्यातून वर येते आणि मग ती ओढून काढताना फाटते. जाळी साध्या पाण्यात धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, लांबीची चिठ्ठी जोडून गुंडाळावी. लहान भोके नायलॉनच्या दोऱ्याने शिवता येतात. मोठी फाटलेली जाळी टाकून न देता तिच्या फळांच्या पिशव्या शिवाव्यात; एका जुन्या मच्छरदाणीतून शंभरेक पिशव्या सहज निघतात. अगदीच निरुपयोगी झालेले तुकडे जाळू नयेत, शेतात किंवा बावखलाच्या काठी सोडू नयेत; गोळा करून सुक्या कचऱ्यात द्यावेत. चांगली जाळी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी. माळ्यावर उघडी ठेवलेली माझी पहिली जाळी पावसाळ्यात उंदरांनी घरट्यासाठी नेली आणि सप्टेंबरात मला पुन्हा दुकान गाठावे लागले.